आधी तिथी, मग तंबू: हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला कामं चालू असलेल्या वाडीत मुक्काम

कोकणात जायचं ठरलं की आपण आधी जोडून आलेल्या सुट्ट्या शोधतो. वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, तंबू टाकून राहायचं असेल तर आधी पंचांग उघडा. ज्या वाडीत आपण राहणार तिची कामं ऋतूवर चालतात, शेजारचं बंदर तिथीवर चालतं, आणि दोघांनाही आपल्या शनिवार-रविवारशी काही देणंघेणं नसतं. हे आधी समजून घेतलं तर दोन रात्रींत भरपूर पदरात पडतं. नाही तर रिसॉर्टपेक्षा कमी सोय आणि घरच्यापेक्षा जास्त डास, एवढाच हिशेब उरतो.

मी इथे दापोली तालुक्याच्या किनाऱ्याबद्दलच लिहितो आहे: हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, केळशी, मुरूड. नारळी-पोफळीची आगरं आणि मासळीचं मोठं बंदर इतकं जवळजवळ आहे की सकाळी झाडांना आळी करायला हात लावावा आणि संध्याकाळी लिलाव बघावा, हे एकाच दिवसात जमतं. आणखी एक कारण आहे, ते थोडं दुःखाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ शेजारच्या रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं आणि या पट्ट्यातल्या वाड्याही त्याने आडव्या केल्या. पोफळ लावली की हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात, नारळालाही जवळपास तेवढीच. पूर्वी जिथे ऊन जमिनीला लागत नसे तिथे खिंडारं पडली. त्यात नवी रोपं लागली, मध्ये केळी आली, आणि काही जणांनी उरलेल्या मोकळ्या तुकड्यावर दोन-चार तंबूंची सोय केली. त्या जागेवर आपण झोपतो तेव्हा तिथे आधी काय उभं होतं हे ठाऊक असलेलं बरं.

महिना कुठला

पावसाळा बाद. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तंबूत राहण्यात मौज नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असल्यामुळे बंदरावरही होड्या शाकारलेल्याच दिसतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की हंगाम पुन्हा उभा राहतो. गणपतीत गावातलं प्रत्येक घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, तेव्हा कुणाच्या दारात पाहुणे म्हणून उभे राहू नका. ऑक्टोबरात भातकापणी आणि उकाडा.

खरा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. रात्री गार, आकाश स्वच्छ, सुपारी उतरवून खळ्यात वाळत पडलेली. डिसेंबरपासून आंब्याला मोहोर येऊ लागतो आणि त्याबरोबर तुडतुड्या किडीसाठी फवारण्याही, त्याबद्दल पुढे. मार्चमध्ये शिमगा येतो. पालखी घरोघर फिरते, ते बघण्यासारखंच असतं, पण त्या दिवसांत होड्याही बंद आणि वाडीतली कामंही बंद. एप्रिल-मे म्हणजे आंबा, काजू, रातांबे (कोकमाची फळं). बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटे काढणी, दुपारी निवड, रात्री पेट्या भरून टेम्पो वाशीच्या बाजाराच्या वाटेला. त्या काळात जायचंच असेल तर हात कामाला लावायच्या तयारीने जा, किंवा तीन आठवडे थांबा असं सांगितलं तर ऐका.

तिथी कुठली

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण तासाने, थोडं जास्तच, पुढे सरकतं. मिनिटाला अचूक नाही, पण दोन दिवस आखायला पुरेसं आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. पाणी खूप वर येतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग. चढ-उतार कमी, ओढही कमी.

आता आपल्याला काय हवं ते बघा. लहान मुलं बरोबर असतील तर अष्टमी ते दशमी धरा. संध्याकाळी सहा-पावणेसात-साडेसात वाजता भरती असते, म्हणजे दुपारी चारनंतर पाणी चढत असतं आणि पाय भिजवायला हीच वेळ बरी. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, लांबवर चालायचं असेल, खडकांतली डबकी बघायची असतील, तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. सूर्यास्ताच्या सुमाराला ओहोटी लागते आणि किनारा दुप्पट रुंद होतो. तारे हवे असतील तर अर्थात अमावास्याच. थंडीतल्या काळोख्या रात्री कधी कधी लाटांचे कंगोरे निळे चमकतात. ते दिसेलच असं वचन कुणी देऊ शकत नाही, पण चांदण्यात ते दिसायचं नाही हे नक्की. आणि चिंबोऱ्या खायच्या असतील तर कोळणीच सांगतील, अंधाऱ्यातल्या भरलेल्या, चांदण्यातल्या पोकळ.

फोनवर काय बोलायचं

राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणलं आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होते. नोंदणीकृत ठिकाण मिळालं तर उत्तम. पण या पट्ट्यात बरीच सोय अजूनही तोंडी ओळखीवर चालते, कुणीतरी कुणाचा तरी नंबर देतं. तेव्हा फोनवरचं बोलणं महत्त्वाचं. दुपारी एक ते चार फोन करू नका, घर झोपलेलं असतं. आणि "पॅकेज काय आहे?" अशी सुरुवात करू नका. "काका, तुमच्या आगरात तंबू टाकून दोन रात्री राहायचं होतं, तुम्हाला कधी सोयीचं आहे?" असं विचारलं की बोलणं वेगळ्याच वळणाने जातं.

मग एकेक विचारून घ्या. तंबू त्यांचा की आपला. संडास-न्हाणी कुठे आणि रात्री तिथवर दिवा आहे का. गाडी कुठपर्यंत येते, कारण बऱ्याच वाड्यांना पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरून जावं लागतं आणि सामान डोक्यावर येतं. त्या आठवड्यात फवारणी आहे का. नारळ पाडायला पाडेली येणार आहे का. आला तर बघायला मजा, पण तंबू त्या झाडांपासून लांब हवा. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलंय का आणि ते कुठल्या बाजूला, हे विचारायला लोक विसरतात, आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाला ते आठवून देणारं कुणी नसतं.

आणि सगळ्यात नाजूक प्रश्न: मासे चालतात का? आंजर्ले-केळशी-मुरूडच्या कित्येक आगरांचे मालक शाकाहारी. पोळी-भाजी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार असं जेवण अप्रतिम मिळेल, पण त्यांच्या चुलीवर सुरमई चढणार नाही. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. काही जण वाडीच्या टोकाला वेगळी चूल आणि वेगळी भांडी देतात, काहींना तेही नको असतं. जे उत्तर येईल ते हो म्हणून घ्या आणि मासे हर्णैच्या खानावळीत खा. विचारलं नाही आणि पिशवीतून पापलेट घेऊन अंगणात उभे राहिलात, तर काकू काही बोलणार नाहीत. तेच जास्त अवघड.

पैशांचं स्पष्ट बोला: तंबूमागे की माणशी, जेवण धरून की वेगळं, मुलांचं किती. जेवणारी माणसं किती हे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नक्की सांगा. त्या घरात स्वयंपाक एकच बाई करते आणि तिने सकाळी गोठाही केलेला असतो.

पोचणं

रेल्वेने खेड, तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर, एसटी मिळते. दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. पुण्याहून गाडीने ताम्हिणी-माणगाव-मंडणगड, मुंबईहून महामार्गाने माणगाव किंवा खेड. श्रीवर्धनकडून येत असाल तर बागमांडला ते वेसवी फेरीबोटीत गाडी चढवा, वळसाही वाचतो आणि बाणकोटची खाडीही बघून होते. एटीएम, पेट्रोल, औषधं सगळं दापोलीत उरकून घ्या. उजेडी पोचा. तंबूची जागा अंधारात निवडायची नसते.

तंबू कुठे ठोकायचा

इथे मी जरा रेंगाळणार, कारण चुका इथेच होतात.

पहिलं, पुळणीवर नको. किनारा कुणाच्या मालकीचा नसतो म्हणून तो आपला होत नाही. उधाणाचं पाणी रात्री अकरा-बाराला कुठपर्यंत येतं हे दुपारी कळत नाही. नोव्हेंबरपासून तिथे कासवं अंडी घालायला येतात. वाळूत खुंटी धरत नाही ते निराळंच.

दुसरं, वर बघा. नारळाखाली तंबू कधीच नाही. नारळ पडतो तेव्हा आवाज खाली पोचल्यावरच येतो, आणि वाळलेली झावळी नारळापेक्षा मोठी जागा घेते. पोफळीचं तसं भय नाही, पण तिची विरी, म्हणजे पानाचं बुडाचं आवरण, तीही उंचावरून पडते आणि ताणलेल्या कापडाला भोक पाडते. फणसाखाली मार्च-एप्रिलनंतर नको. आंब्याखाली सावली सुरेख, पण फांद्यांवर पानं विणून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत का ते आधी बघा. सर्वांत बरी जागा म्हणजे घराच्या खळ्याच्या बाहेरची कडेची मोकळी जमीन किंवा भात निघून गेलेला दळा, पण त्यात कुळीथ-पावटा पेरलेला नाही ना हे मालकाकडून कळू द्या. शहरी डोळ्याला कुळथाची रोपं गवतच वाटतात.

तिसरं, खाली बघा. आगर शिंपायचं असतं आणि पाणी पाटाने जातं. सुकलेला पाट ही झोपायला इतकी छान, सपाट, मऊ जागा दिसते की पहिल्यांदा आलेला माणूस नेमका तिथेच तंबू मांडतो. मीही मांडला होता. वीज रात्री आली, पंप रात्री लागला, आणि अडीच वाजता आम्ही चौघं गाद्या डोक्यावर घेऊन केळीत उभे होतो. काकांनी पंप बंद केला नाही. बंद करावा असं त्यांना वाटायचं काही कारणही नव्हतं, झाडांची पाळी होती. तेव्हा पंप कधी लागतो आणि पाणी कुठून कुठे जातं हे विचारून, पाटापासून चार हात वर जागा घ्या. झाडांच्या आळ्यातही नको, तिथली माती कायम ओली.

चौथं, गडग्याला चिकटून नको. जांभ्या दगडाच्या कोरड्या रचलेल्या भिंतीच्या फटींत विंचू, साप, उंदीर सगळे सुखाने नांदतात. दहा फूट सोडा. पाचोळा झाडून घ्या, दगड काठीने उलटवून बघा, हाताने नाही.

माती बघून खुंट्या आणा. आगरात जमीन भुसभुशीत, तिथे लांब खुंटी लागते. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, कातळ, तिथे कुठलीच खुंटी जात नाही, दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात. दोन्हीसाठी वीसेक मीटर नायलॉनची दोरी जवळ असली की झालं. तंबूखाली ताडपत्री घाला, पण ती तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाही तर वरून ओघळलेलं पाणी तीच आत आणते. थंडीत इथे दव इतकं पडतं की पहाटे पावसासारखं टपटपतं. वरचं कापड नीट ताणून, आतल्या कापडाला टेकणार नाही असं लावा, आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. सगळं बंद केलंत तर आपल्याच श्वासाने आतून भिजाल. दार समुद्राकडे करायचा मोह होतो तो बरोबरच आहे, कारण रात्री वारा डोंगराकडून येतो आणि तो गार असतो. दार पश्चिमेलाच ठेवा, पाठ वाऱ्याला.

खाण्याचं काहीही तंबूत ठेवू नका. वानरं दिवसा येतात आणि चेन उघडत बसत नाहीत, फाडतात. पत्र्याच्या डब्यात घालून घरात द्या.

पाणी, आंघोळ, कचरा

पिण्याचं पाणी विहिरीचं असेल तर उकळून घ्या किंवा बरोबर आणा, माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून. विहिरीच्या काठावर साबण लावून आंघोळ करू नका, न्हाणीत करा. तिथलं पाणी पुढे केळीला किंवा अळवाला जातं, म्हणून शांपूचा फेस बेतानेच. मार्चनंतर काही विहिरींचं पाणी तळाला जातं आणि समुद्राजवळ असेल तर मचूळ लागायला लागतं. तेव्हा बादलीभर पाण्यात भागवायचं, दोन नाही. ओला कचरा मालक सांगतील त्या खड्ड्यात, प्लास्टिक सगळं परत आपल्याबरोबर.

आग

शेकोटीशिवाय मुक्काम कसला, असं वाटतं खरं. पण फेब्रुवारीपासून कोकणातलं गवत पेटायला नुसती ठिणगी पुरते आणि दरवर्षी वणव्यात काजू-आंब्याच्या बागा जळतात. एक कलम उभं करायला दहा वर्षं लागलेली असतात. म्हणून आग फक्त मालक दाखवतील त्या जागी, बहुतेक जुन्या चुलीवरच. भोवती पाच-सहा फूट माती उघडी करून, पाण्याची भरलेली कळशी बाजूला ठेवून. जळण विचारून घ्या. सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, वाळक्या झावळ्या पडलेल्या दिसतात, पण त्या कुणाच्या तरी न्हाणीचं पाणी तापवण्यासाठी साठवलेल्या असतात. झोपण्यापूर्वी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, हात धरून बघा. काही ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात पाला पेटवून भाजावळ करतात. धूर दिसला म्हणून घाबरू नका, आणि तिकडे चालले म्हणून आपणही काडी लावू नका.

वाडीतलं काम

पाहुण्याने काम केलंच पाहिजे असं नाही. पण नुसतं खाटेवर पडून राहिलात तर वाडी कळत नाही. सकाळी सातला घराच्या मागच्या दारी जाऊन उभे राहा आणि "काही करू का?" म्हणा. सुपारी सोलायला बसवतील, झावळ्या ओढायला सांगतील, आळ्यात पालापाचोळा भरायला देतील. आंब्याचे दिवस असले तर झेला हातात मिळेल. कोकण कृषी विद्यापीठाने, म्हणजे इथल्याच दापोलीच्या विद्यापीठाने, काढलेला नूतन झेला बहुतेक बागांत दिसतो. त्याला पातं असतं, फळ थोड्या देठासकट कापलं जातं आणि जाळीत पडतं. देठ मोडला की चीक उडतो. तो फळावर पडला तर डाग, आपल्या कातडीवर पडला तर चट्टा. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला.

काय करू नये त्याची यादी छोटी आहे. खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीवरून चालू नका, सारवलेल्या अंगणात चपला घालून जाऊ नका, झाडाचं काहीही न विचारता तोडू नका, खाली पडलेला नारळसुद्धा. पडलेला नारळ बेवारस नसतो, तो मोजलेला असतो. फवारणीच्या दिवशी त्या बागेत जाऊ नका, तिथे कपडे वाळत घालू नका, आणि मुलांना कैऱ्या पाडून तशाच खाऊ देऊ नका. बेडं, म्हणजे वाडीचं फाटक, जसं होतं तसंच लावा. एकदा उघडं राहिलं की गुरं आत, आणि दोन वर्षांच्या पोफळीचा शेंडा गायीला फार आवडतो.

मोठ्या आवाजात गाणी नकोत. आगरात आवाज लांब जातो आणि घरातली माणसं नऊला झोपतात.

बंदरावर

हर्णैचा लिलाव संध्याकाळी. चारच्या सुमारास जा, साडेपाचपर्यंत ऐन रंगात असतो. होड्या आत पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट लाटांत जातात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी, वर टोपल्या. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो आंग्र्यांकडून घेतला तेव्हाही या किनाऱ्यावर मासळी उतरत असणारच, असं आपलं मला वाटतं. किनाऱ्यावर ओल्या वाळूत ढीग मांडतात, भोवती कडं होतं, आणि पुकारा सुरू होतो. बोली ढिगावर किंवा टोपलीवर असते, वजनावर नाही. हे व्यापाऱ्यांचं काम आहे. हौसेने मध्ये बोली लावू नका. लागली तर चाळीस किलो बांगडा घेऊन जायची वेळ येईल.

आपण घ्यायचं ते लिलावातून माल उचलून वाट्यांनी विकायला बसलेल्या मावश्यांकडून. आधी पूर्ण एक फेरी मारा, मग बसा. कल्ले लाल, डोळा फुगीर, बोटाने दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. भाव करायला हरकत नाही, पण एकदाच, आणि "मावशी" म्हणून. अर्ध्यावर मागाल तर जे ऐकायला मिळेल ते मी इथे लिहू शकत नाही. सुरमई-पापलेटच्या मागे लागू नका, ते तुमच्या शहरातही मिळतं. ढोमे, मांदेली, ताजा बांगडा, म्हाकूल हे इथे खा. चार माणसांना आठ बांगडे पुष्कळ. थोडे पैसे देऊन तिथेच साफ करून घ्या, म्हणजे वाडीत खवले उडत नाहीत. बर्फाचा डबा बरोबर ठेवा. साफ केलेली घाण नेऊ का, असं मालकाला विचारून बघा. मासे चालणाऱ्या वाडीत ती नारळाच्या मुळाशी खोल पुरतात, खत म्हणून.

पायात रबरी चप्पल, कपडे जुने. बैलांच्या वाटेत उभं राहू नका, पाण्यातून वर येताना ते थांबत नाहीत. जाळी वाळत असतील तर ओलांडून नका जाऊ, वळसा घ्या. फोटो काढायचा तर विचारून. खलाशी चार दिवसांनी जमिनीवर आलेला असतो, त्याला आधी चहा हवा असतो. शिंगाळा माशाला हात लावू नका. त्याचा काटा लागला तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कळ उतरते. पाकटाच्या काट्यालाही पहिला उपाय हाच, मग डॉक्टर.

आंजर्ल्याच्या खाडीकडे गेलात तर वेगळं चित्र दिसतं. मुखाशी गाळ साचलेला, म्हणून होड्या भरती बघूनच आत येतात. तिथे पाऊणपटीचा हिशेब करून जा. चुकलात तर नुसती वाळू दिसेल.

समुद्रात उतरण्यापूर्वी

भरती चढत असताना, कमरेच्या खाली, एवढंच. ओहोटीचं पाणी आत ओढतं. खाडीच्या मुखाशी पोहणं पूर्ण वर्ज्य, कितीही शांत दिसलं तरी. गाडी पुळणीवर नेऊ नका, रुतली की भरती वाट बघत नाही आणि ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. पाण्यात कुणी अडकलं तर आधी कोळीवाड्यात धावा, कारण सर्वांत जवळची होडी तिथेच असते. मग तटरक्षक दलाचा १५५४ आणि नेहमीचा ११२.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आंजर्ल्याला आणि बाणकोट खाडीजवळ वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. गावकरी सांगतील त्या दोरीच्या मागे उभे राहा, पिल्लं हातात घेऊ नका. रात्री पुळणीवर चालताना बॅटरी बंद ठेवा. उजेड दिसला तर अंडी घालायला आलेली मादी परत जाते.

साप, विंचू आणि औषधांची पिशवी

रत्नागिरी जिल्हा फुरसं या विषारी सापासाठी पूर्वीपासून बदनाम आहे. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा, सड्यावर दगडांखाली राहणारा. शिवाय घोणस, नाग, मण्यार आहेतच. वाडीत रात्री बूट आणि बॅटरीशिवाय पाऊल नाही, सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय नाही, जमिनीवर उघड्यावर झोपणं नाही. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, तो हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा आहे त्या गाडीने निघा. प्रतिविष कुठल्या रुग्णालयात आहे हे पोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवा. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. साप मारून बरोबर न्यायची गरज नसते, चारही सापांवर एकच लस चालते.

बाकी नेहमीचंच: ओआरएस, डासांचं मलम, चिमटा, पट्ट्या. मच्छरदाणीची जाळी फाटलेली नाही ना ते घरीच बघून घ्या.

निघताना

तंबू उन्हात वाळवून घडी करा. दवाने भिजलेला गुंडाळलात तर पुण्यात उघडेपर्यंत बुरशी. खुंट्यांची भोकं पायाने बुजवा, एकही खुंटी मागे ठेवू नका. पॉवर टिलरच्या पात्यात ती सापडते, आणि मालकाला ती कुणाची हे बरोबर आठवतं. ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे द्या. वर काही द्यायचं असेल तर त्यांच्याकडचा माल घ्या: नारळ, आमसुलं, सुपारी, कुळथाचं पीठ, हंगाम असेल तर आंबा. त्यावर घासाघीस नको. मुलांच्या हातात पैसे ठेवू नका, वह्या-पुस्तकं चालतात.

गाडीत बसण्यापूर्वी ओटीवर एकदा टेका. भिंतीला कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर काकांनी पेन्सिलने फवारणीच्या, शिंपण्याच्या, पाडेली यायच्या दिवसांवर खुणा केलेल्या असतात. पुढच्या महिन्याचं पान उलटून त्यातली एखादी मोकळी अष्टमी-नवमी त्यांनाच शोधायला सांगा, आणि मग ऑफिसात रजा टाका.